कुंपणावरची शिडी

मी एक जुनी बांबूची शिडी होते. आता मी दोन आहे. कशी, ते सांगते.

मित्रांनो, नरपडच्या चिकूवाडीत माझा जन्म झाला. तेव्हा माझी उंची अशी, की समुद्रावरचे खलाशी मला डोलकाठी समजून हाका मारत. ढग माझ्या वरच्या पायरीवर बसून पाय हलवत. खोटं वाटत असेल तर ढगांना विचारा. वाडीत चिकू उतरवणारा लाहू मला फार जपे. पुढे लोखंडी शिड्या आल्या आणि मालकाने मला टाकून दिलं. लाहूने मला खांद्यावर घालून कैनाडला, आपल्या घरी नेलं. तिथे वर्षातून एकदा कौलं चाळायला माझी आठवण होई. एरवी मी पडवीत पडून. कोंबड्या रात्रभर माझ्यावर झोपत आणि सकाळी भाडं ठेवून जात. कसलं, ते विचारू नका.

लाहूचा भात दरवर्षी रानडुकरं खात. कुंपणासाठी सरकारी अनुदान आलं. नियम असा, की तार चारी बाजूंनी सलग हवी, फाटक फक्त घराकडे एकच, आणि तपासणी होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शेतातून कुणाची वाट जाते का?"

"नाही साहेब," लाहू म्हणाला.

वाट होती. अख्खा पाडा त्याच वाटेने डोंगरावरच्या वाघदेवाला जाई. पण ती कुठल्या कागदावर नव्हती, आणि खरं सांगितलं तर कुंपण अडेल, अशी लाहूला भीती.

तार लागली. डुकरं थांबली. भात झकास आला, पण लाहूला तो खाता येईना. पाड्याची रीत अशी, की नवा भात आधी वाघदेवाला, मग माणसाला. तो नेण्याचा मान लाहूच्या भिकीकाकीचा. नाल्याकडून मोठा वळसा होता, पण तिचे गुडघे तेवढं चालू देत नव्हते.

वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला, काकी नव्या भाताची टोपली घेऊन डोंगराकडच्या तारेपाशी उभी राहिली. मागे सगळा पाडा.

"लाहू, तार डुकरांसाठी ना रं? मग मी कशी अडकले?"

लाहू शेताला लागूनच असलेल्या आपल्या पडवीत माझ्याआड लपला. शिडीआड कधी माणूस लपतो का?

"दिसतोस रं! आता वाघदेवालाच सांगते, तूच खाली ये जेवायला. पहिलं घर लाहूचं लागतं."

बाया हसल्या. लाहू बाहेर आला. "काकी, साहेबांनी विचारलं होतं. वाट नाही, असं मीच सांगितलं."

हसू थांबलं. लाहूने पक्कड उचलली.

"तार नको तोडू," काकी म्हणाली. "डुकरं काय वाघबारस पाळतात?"

मग त्याची नजर माझ्यावर गेली. करवत लागली तेव्हा मी कुरकुरले, खोटं कशाला सांगू? एक तुकडा तारेच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्ही माथ्याशी दोऱ्यांनी एकत्र बांधलेले, वर काट्यांवर गोणपाट. लाहूने आधार दिला आणि काकी पायरी पायरी करत उतरली. मागून पाडा उतरला. लाहू मात्र अलीकडेच राहिला.

काकी वळली. "तुला काय आमंत्रण पाठवू?"

"कोणत्या तोंडाने येऊ, काकी?"

"ज्या तोंडाने भात खाणार, त्याच."

तो चढला. मित्रांनो, इतका जड माणूस माझ्यावर कधी चढला नव्हता.

तपासणीला साहेब आले, की लाहू त्यांना वाट दाखवणार आहे. अनुदान राहील की जाईल, देव जाणे. तुम्ही कुंपण जरूर घाला. पण तिथून कोण चालतं ते आधी बघा, आणि कुणी विचारलं तर खरं सांगा. आणि हो, पावसाआधी माझ्या दोऱ्या बदला. वाट आता माझ्यावरून जाते.