मुठीमागची पट्टी

"तिथे मुद्दाम पाडतात," ताईने घरून निघतानाच बजावलं होतं. "तोंडावर गोड बोलतील. तू कुणाच्या बोलण्यात येऊ नकोस."

ताई गेल्या वर्षी याच पोलीस प्रशिक्षण शाळेत होती. धावण्यात पहिली, कायद्याच्या पेपरात पहिली. पण पिस्तुलाच्या परीक्षेत नापास होऊन घरी परतली आणि आता भांड्यांच्या दुकानात कामाला जात होती. त्यामुळे धाकटी, जिला तिच्या चणीवरून सगळे चिमणी म्हणत, पहिल्या दिवसापासून कान टवकारूनच वावरत होती.

आणि नेमकं तेच सुरू झालं. तिची प्रत्येक गोळी टार्गेटच्या डावीकडे, खाली. पिस्तुलावरची नेम धरायची साइट कुणीतरी वाकवून ठेवलीय, असं तिने धरूनच ठेवलं. शेजारच्या मुलीला तिने तेच पिस्तूल चालवायला लावलं. त्या धिप्पाड मुलीने सहज मध्यभाग फोडला. पिस्तूल ठणठणीत होतं. संशय काही गेला नाही; तो पिस्तुलावरून उठून उस्तादांवर जाऊन बसला. नेमबाजी शिकवणारे उस्ताद तिच्या मागे उभे राहून टार्गेट सोडून तिच्या हातांकडेच का बघत असतात?

एका दुपारी शस्त्रागाराच्या खिडकीखाली ती बूट पुसत बसली होती. आतून उस्तादांचा आवाज आला.

"त्या चिमणीला नाही जमणार असं. हात बघितलास ना केवढासा!"

"मग काढून टाकायची का?" शस्त्रागार सांभाळणाऱ्याने विचारलं.

"हो, आजच काढू."

आपल्यालाच काढणार, चिमणीने धरून चाललं. संध्याकाळी बोलावणं आलं तेव्हा ती भांडायच्या तयारीनेच आत शिरली.

"हात दाखव," उस्ताद म्हणाले.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "कशाला? अपात्र ठरवायला? मी ऐकलंय सगळं. आजच काढणार ना मला?"

उस्ताद बुचकळ्यात पडले. मग शस्त्रागारवाला खो खो हसत सुटला. "अगं बाई, तुला नाही, ही!" त्याने रिकाम्या पिस्तुलाच्या मुठीमागे बसवलेली जाड पट्टी खटकन काढून टेबलावर ठेवली.

चिमणी हसली नाही. उस्तादांनी डब्यातली बारीक पट्टी बसवली, गोळ्यांचं मॅगझिन नसल्याचं आणि चेंबर रिकामं असल्याचं तिला दाखवलं आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं.

"आता धर. आधी मूठ जाड होती, म्हणून ट्रिगरवर तुझ्या बोटाचं नुसतं टोक पोचायचं. दाबताना नळी डावीकडे ढकलली जायची."

आता बोट ट्रिगरवर नीट बसलं. मनगट वळवावं लागलं नाही. तरी यातही काही डाव असेल, असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या मध्यभागाशी एकमेकींना चिकटून लागल्या, तेव्हाच तिचा श्वास मोकळा झाला. पण लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि ती ताडताड उस्तादांकडे गेली.

"या पट्ट्या गेल्या वर्षी नव्हत्या?"

"होत्या. पिस्तुलांबरोबरच आल्या होत्या."

"माझ्या ताईचा हात माझ्याएवढाच आहे."

"तेव्हा मी इथे नव्हतो," उस्ताद म्हणाले. "पण तिला घेऊन ये. फेरपरीक्षेसाठी मी वरिष्ठांशी बोलतो."

फेरपरीक्षेला मंजुरी मिळाली, पण ताईला आणणं सोपं गेलं नाही. "आता अंगाशी आलंय म्हणून गोड बोलतायत," ती फोनवर म्हणाली. चिमणीने हट्टच धरला, तेव्हा कुठे ती आली. उस्तादांनी पुढे केलेलं पिस्तूल तिने घेतलं नाही. "ते दुसरं द्या. आणि पट्टी माझ्यासमोर बदला."

उस्तादांनी तिच्यासमोरच बदलली.

ताई पास झाली. टार्गेट उतरवून तिने प्रत्येक भोक जवळून पाहिलं, कागद उजेडात धरून उलटसुलट केला. उस्तादांनी अभिनंदन म्हणून हात पुढे केला. तिने तो हातात घेतला, पण कागद बगलेतच दाबून ठेवला.

"माझं गेलेलं वर्ष कोण देणार?" तिने विचारलं.