कुंकू फोटोला लागलं

दर्यापूरजवळच्या त्या गावात सव्वीस जानेवारीची दुपार म्हणजे गोदाबाईंकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. सकाळी झेंड्याला बाया शाळेत जमतातच, म्हणून हाच दिवस धरलेला. यंदा वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या. सून रागिणी त्या पुसून परातीत लावत होती, आणि गोदाबाई लावलेल्या वाट्या उचलून उगाच पुन्हा पुसत होत्या.

सकाळचं काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांचा मुलगा नितेश फौजेत होता. अतिरेक्यांनी रस्त्यात गाडी उडवली, त्यात तो गेला. तेव्हापासून शाळेतला झेंडा रागिणीच्या हातून चढतो. आजही ‘वीरपत्नी’ म्हणून तिचं नाव पुकारलं. शेजारची मैनाबाई पाहुण्यांना कुंकू लावत आली. रागिणीपुढे बोट करंड्यात बुडवलं, आणि थबकली. मग तेच बोट वळवून तिने टेबलावरच्या नितेशच्या फोटोला टेकवलं. रागिणीने दोरी ओढली. टाळ्या झाल्या.

मैनाबाईचा राग यावा, तर तोही येईना. गोदाबाई तरी घरात काय करत होत्या? लाडू रागिणीने वळायचे, आणि बाया आल्या की तिने मागच्या खोलीत जायचं. तिला सांगावंही लागत नसे.

आजही ती उठली. पण दाराशी थांबली.

“आई, झेंड्याच्या दोरीले माहा हात चालते,” ती हळूच म्हणाली. “वाटीले कावून नाही चालत?”

गोदाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. कार्तिकात कौंडण्यपूरला, रुक्मिणीमातेच्या दारी, त्या कीर्तनाला बसल्या होत्या. बुवांनी पुराणातली मोठी लढाई लावली. शंख काय, घोड्यांच्या टापा काय, म्हातारेसुद्धा सरसावून बसले. अन् ऐन रंगात टाळ थांबवून बुवांनी विचारलं होतं, की लढाई सरल्यावर रणात आपापली माणसं शोधत हिंडलेल्या बायांचं घरी गेल्यावर काय झालं, हे कोणी पुसतं का? गोदाबाईंनी डोळे पुसले, प्रसाद घेतला, घरी आल्या. तो प्रश्न आज गव्हातल्या खड्यासारखा दाताखाली येत होता.

त्या ओट्यावर महादेवरावांकडे गेल्या. अमरावतीला हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून ते दिवसभर तिथेच बसत. विधवेच्या हातचं कुंकू लावलं तर नवऱ्याच्या जिवावर बेततं, हे गोदाबाईंनी आईच्या मांडीवर ऐकलेलं. त्यांनी रागिणीच्या हातून कुंकू लावायचा विषय आडून आडून काढला. लोक नावं ठेवतील, असं आधी महादेवरावही पुटपुटले. मग बायकोकडे बघत राहिले.

“तुले भेव लोकाइचं हाय, का माह्या मरणाचं?”

“तुमच्या मरणाचं.”

“मंग ह्या गोळ्या कायले चारतं मले? कुंकवानंच जगव.”

गोदाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

बाया आल्या. सतरंजी भरली. गोदाबाईंनी मागच्या खोलीतून रागिणीला हाताला धरून आणलं आणि करंडा तिच्या हातात दिला.

“गोदाबाई, घरात धनी बसला हाय,” मैनाबाई म्हणाली. “त्याचा त इचार करा.”

“पोरगी रोज कपाळ भरून कुंकू लावत होती, मैनाबाई. मी उपास करत होती. काय वाचवलं त्यानं माह्या नितेशले?” गोदाबाई म्हणाल्या. “बाम्ब कपाळ पाहून नाही फुटत. त्यानं एक जीव नेला. दुसरा मी घरात बसून थोडा थोडा मारून राहिली होती.”

त्यांनी डोळे मिटले, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि कपाळ पुढे केलं. “लाव मले.”

रागिणीने बोट टेकवलं. टिकली वाकडी लागली. बाहेर ओट्यावर महादेवराव खोकले, आणि गोदाबाईंची मान झटकन दाराकडे वळली. मग महादेवरावांनी चहा मागितला.

दोघी-तिघी उठून निघून गेल्या. त्यांच्या वाट्या परातीतच राहिल्या. रागिणी ओळीतल्या पहिल्या बाईपुढे आली. ती मैनाबाई. सकाळी जिचं बोट वळलं होतं, तिच्यापुढे आता रागिणीचं बोट कुंकवाने भरून थांबलं आहे. मैनाबाई उठतही नाही, कपाळ पुढेही करत नाही.

तिच्यामागे ओळ मोठी आहे, माउलींनो. त्या ओळीत आपल्याही घरची कोणीतरी बसलेली आहे.