उत्तराबाईंचं पोहणं

थोरला मुलगा बाळ तळ्यात बुडाला त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मधुकरने डोंबिवलीला जागा पाहून ठेवली.

"इथं राहून तू झुरत जाशील," तो बायकोला म्हणाला.

उत्तरा कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मी इथून हलणार नाही."

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी ते तळं होतं. सत्तावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात त्याच्या काठावर बाग होत होती. गुलमोहराची रोपं लागली होती, सिमेंटची बाकं बसत होती, भाड्याच्या होड्या येणार म्हणून सगळीकडे बोललं जात होतं. रविवारी पार घाटकोपरहून लोक डबे घेऊन येत.

शाळा उघडल्यावर, दिवाळीनंतरची सहल याच बागेत जाणार, असं धाकटी माणिक सांगत आली. उत्तरा फटकन म्हणाली, "तू जायचं नाहीस."

"मग आई, मी पाण्याजवळ कधीच जायचं नाही का?"

संध्याकाळी चपला घालून उत्तरा मागच्या चाळीत गेली आणि रुक्मिणीच्या दारात उभी राहिली.

रुक्मिणी मालवणकडची. नवरा गिरणीत. तिचा चंद्रप्रकाश आणि बाळ एकाच वर्गात होते. त्या दिवशी दोघं मिळूनच तळ्यावर गेले होते आणि चंद्रप्रकाश एकटा पोहत परत आला होता. 'मी त्याचा हात धरला होता, मग सुटला,' एवढंच तो लोकांसमोर बोलला होता. सुटला की याने सोडला? उत्तराच्या मनातून ते जात नव्हतं. वर्षभर ती त्या घराशी बोलली नव्हती.

रुक्मिणी तांदूळ निवडता निवडता उठली. "वयनी, तुम्ही?"

"तुम्हाला पोहता येतं ना?"

"येता. खाडीच्या काठार जलम गेलो."

"मग मला शिकवा."

"तुमका? कित्याक?"

"मागल्या वर्षी आरडाओरडा ऐकून मी धावत गेले, तरी काठावर उभी राहून नुसती ओरडत होते. पुन्हा तसं उभं राहायचं नाही मला."

रुक्मिणीने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या उजाडताना येवा."

मधुकरला हे सांगितल्यावर "त्याच तळ्यात?" एवढंच त्याने विचारलं.

"त्याच."

बायका धुणं धुवायच्या त्या पायऱ्यांवर रुक्मिणीने तिला कासोटा घट्ट मारायला लावला आणि पाठीला तोंड बंद केलेला रिकामा पत्र्याचा डबा बांधला. पहिल्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं आणि उत्तरा पायऱ्या चढून घरी परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. बागेत फिरायला येणारे श्यामसुंदर म्हणून एक पेन्शनर होते. ते वरून म्हणाले, "अहो, चांगल्या घरातल्या तुम्ही. हे शोभतं का?"

"काका, तोंड तिकडे करून चाला," उत्तरा म्हणाली आणि पाय मारत राहिली.

महिन्याभराने डबा सुटला. त्याच सकाळी खोल पाण्यात तिच्या पायाखालची जमीन गेली. तिने दोन्ही हातांनी रुक्मिणीचा गळा आवळला आणि दोघी खाली गेल्या. सोडायला हवं हे तिला कळत होतं, पण बोटं उघडेनात. रुक्मिणीने तिची बोटं एकेक करून उचकटली, तिला लांब ढकललं, मग मागून केस धरून पायरीपर्यंत ओढत आणलं.

दोघी खोकत बसल्या. रुक्मिणीच्या मानेवर नखांचे ओरखडे उठले होते. एकातून रक्त येत होतं.

उत्तरा त्या ओरखड्यांकडे बघत होती. "चंद्रप्रकाशच्या मानेवर होते का असे?"

रुक्मिणी पदर पिळत राहिली. "मानेर. पाठीर पण. कोणाक दाखवूक नाय मी. तुमचो झिल गेलो, माझो परत इलो. कुठच्या तोंडान सांगू?"

उत्तरा रडली. बाळ गेल्यापासून ती परक्या कुणासमोर रडली नव्हती. रुक्मिणीने तिला रडू दिलं. मग डोळे पुसून उत्तरा उठली. "चला, पुन्हा उतरू."

"आज नको गे."

"आजच. उद्या माझा पाय उचलणार नाही."

त्या संध्याकाळी ती चाळीत गेली तेव्हा चंद्रप्रकाश अभ्यास करत होता. तिला पाहून तो बाहेर निघाला. तिने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"बुडताना त्यानेच तुझी मान आवळली होती. तू मुद्दाम सोडलं नाहीस त्याला. मला कळलंय आता."

मुलगा मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "काकू, मी परत एकदा गेलो होतो खाली. दिसलाच नाही तो."

"हो रे," ती म्हणाली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पावसाळा सरला तशी उत्तरा पायऱ्यांपासून समोरच्या बांधापर्यंत पोहून जाऊ लागली. डोंबिवलीचा विषय मधुकरने आपणहून सोडून दिला. दसऱ्यानंतर एका सकाळी तिने माणिकला पोहायला शिकवायला पायऱ्यांवर नेलं. चाळीतली कुंदाही आपल्या मुलीला घेऊन आली होती. पाण्यात पाय टेकताच माणिकने भोकाड पसरलं. उत्तराने तिला उचलून कडेवर घेतलं आणि ती रडायची थांबेपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात तशीच उभी राहिली.