आर्विडचा खोकला

उत्तर मिशिगनमध्ये हरणांची शिकार सुरू व्हायला आठवडा उरला, तेव्हा रूडीने आर्विडला बजावलं, "डॉक्टर नुसती सर्दी म्हणाली तरच कॅम्पवर ये. दोन वर्षं तुझ्या खोकल्याने हरणं पळतायत." शाळेपासूनचा मित्र असं बोलला, हे आर्विडला फार लागलं. कॅम्पशिवाय नोव्हेंबर म्हणजे त्याच्या लेखी सुतकच.

म्हणून दवाखान्यात तो बेधडक खोटं बोलला. "खोकला होय? परवापासून आहे."

"परवापासून?" शेजारी बसलेली त्याची बायको लेम्पी म्हणाली. "डॉक्टर, पहिला बर्फ पडला की हा सुरू होतो तो तळं वितळेपर्यंत. कफाची वाटी वेगळी. गेल्या हिवाळ्यात तेच, त्याच्या आदल्यातही तेच."

"तू गप्प बस गं."

"मी बसते. तू बसून दाखव."

आर्विड ओठ घट्ट मिटून बसला. चेहरा बिटासारखा लाल झाला, आणि मग अशी उबळ आली की बाहेरचे लोक डोकावले.

"वर्षात तीन महिने कफाचा खोकला, लागोपाठ दोन वर्षं," डॉक्टरीण म्हणाली. "दुसरं कारण सापडलं नाही, तर हा जुनाट ब्राँकायटिस."

कारण शोधायला तिने छातीचा एक्स-रे काढला आणि यंत्राच्या नळीत श्वास संपेपर्यंत फुंकायला लावलं. सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, चूल एका फुंकरीत पेटवणारा माणूस निम्म्यातच खोकत बसला. एक्स-रेत मात्र काही निघालं नाही.

"ब्राँकायटिसच. सिगारेट आजपासून बंद."

"नुसती सर्दी म्हणता नाही का येणार?"

"नाही."

पडेल चेहऱ्याने त्याने रूडीला खरं ते सांगितलं. रूडीने बराच वेळ दाढी खाजवली. "मग नेम धरून बसू नको. पलीकडून खोकत ये, रान उठव. आम्ही अलीकडे थांबतो."

त्या वर्षी कॅम्पला कधी नव्हे इतकी हरणं मिळाली. आर्विड गावभर छाती काढून फिरला.

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सिगारेट खरंच सुटली होती आणि औषधही लागू पडलं होतं. तो अख्खं रान चालून आला, पण खोकला जेमतेम दोनदा. एकही हरीण हललं नाही. आता आपला इथे काय उपयोग, या विचाराने तो आपलं सामान बांधू लागला.

रूडी तणतणत झोपडीत गेला आणि कॉफीचं पातेलं नि पळी घेऊन आला.

"घे," तो म्हणाला. "उद्या हे बडवत ये."