पाचवी पाकळी

कियुमर्स काहीतरी लपवतोय, ही शंका महशीदच्या मनात आठवडाभर ठाण मांडून बसली होती. इस्फहानच्या या प्रयोगशाळेत दोघं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर राबली. धातूच्या पातळ चकतीवर लेझरने रेषा उमटवायच्या, की ऊब लागताच तिच्या चार पाकळ्या आपोआप उठून मिटतात. दोघांच्या जिवाचं काम! आणि आता हा पठ्ठ्या जर्मनीला निघालेला, अन् तिची चाहूल लागली की पडद्यावरचं चित्र झाकतो.

काल तिने ते चित्र पाहिलंच. चकती त्यांचीच, फक्त पाकळ्या पाच. तिच्या अंगाची लाही लाही झाली. एक पाकळी वाढवली की झाला नवा शोध, आणि नाव एकट्याचं! आज सकाळी तिने सगळं प्रयोगशाळेचे प्रमुख प्राध्यापक तवक्कोलींच्या कानावर घातलं; कियुमर्सला जर्मनीतली नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली होती.

दुपारी कियुमर्स चहा घेऊन आला. महशीदने काचेचा पेला उचलला आणि नेहमीसारखाच हात झटकत खाली ठेवला.

"इतकी वर्षं झाली, खानम, अजून बोटं भाजतातच का?"

"माझ्या बोटांचं सोड. त्या पाच पाकळ्यांचं काय ते सांग."

"पाहिलंत? म्हणजे गेली माझी गंमत!"

"चोरीला तुमच्या गल्लीत गंमत म्हणतात वाटतं?"

तो हसला. त्याला ती थट्टाच वाटली. पिशवीतून सपाट चकती काढून त्याने तिच्यावर महशीदचा पेला ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तळाची ऊब लागली तशा चार पाकळ्या हलकेच उठून पेल्याला बिलगल्या. पाचवी मात्र बाहेरच्या बाजूला वळली आणि तिची कडी झाली.

"मी गेल्यावर तुमच्या बोटांवर कोण फुंकर घालणार? धरा आता."

महशीदने कडी धरून पेला उचलला. अजिबात चटका बसला नाही. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कियुमर्स, अरे, मी सकाळी..."

तेवढ्यात दार उघडलं. तवक्कोलींच्या मागे फाटकावरचा पहारेकरी होता.

"पिशवी उघड," ते म्हणाले. "जर्मनीला फोन केलाय मी. तुझ्यासाठी टाकलेला शब्द मागे घेतला."

"उस्ताद, चूक माझी आहे!" महशीद ओरडली.

कियुमर्सने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी टेबलावर उपडी केली. आतून 'गज' या इस्फहानच्या प्रसिद्ध मिठाईचा डबा तेवढा पडला.

"हाही तुमच्यासाठीच होता, खानम."