दोन्ही खिडक्या

दुन्यानं लॅपटॉपच्या बुडाखाली दोन लाकडी चमचे आडवे सरकवले आणि वाकून पाहिलं. बोटभर फट झाली होती. आतला पंखा जीव खाऊन ओरडत होता, पण पडद्यावरचा वेगाचा आकडा काही जागचा हलत नव्हता. प्रोसेसर फार तापला की जळून जाऊ नये म्हणून आपला वेग आपणच आवळून घेतो, हे तिला ठाऊक होतं. पण इतका? जेमतेम पाव वेगानं तो सरपटत होता.

निशावा नदीवर पायी जायचा नवा पूल बांधायचा म्हणून पिरोतच्या नगरपालिकेनं आराखडे मागवले होते. बेलग्रेडच्या दोन बड्या कंपन्या मैदानात होत्या आणि तिसरं नाव होतं एकट्या दुन्याचं. नकाशे देऊन झाले होते. राहिली होती ती पुलाची चित्रफीत: माणसं चालताहेत, खाली पाणी वाहतंय, कठड्यावरचे दिवे एकेक करून लागताहेत. त्यातलं प्रत्येक चित्र हा लॅपटॉप रंगवून काढत होता. आज संध्याकाळी पाचच्या आत चित्रफीत पोचली नाही तर दुन्याचं नावच यादीतून जाणार होतं, आणि या चालीनं ती उद्या सकाळीसुद्धा पुरी झाली नसती.

"चालतंय का गं?" देसांकानं कॉफीचं भांडं शेगडीवरून उतरवत विचारलं.

"रांगतंय, आई."

देसांका गप्प बसली. तिनं उभा जन्म मागावर गालिचे विणण्यात घालवला होता, आणि धाग्याशी झटापट चाललेल्या माणसाला मध्येच बोलू नये एवढं तिला कळत होतं. तशी ती गप्प बसणाऱ्यातली मुळीच नव्हती. पुलाचा पहिला दगड पडायच्या आतच सगळ्या इमारतीत तिनं त्याचं उद्घाटन उरकून टाकलं होतं. भाजीवालीला तर कुठल्या टोकानं पुलावर चढलं की बाजार जवळ पडेल तेही सांगून झालं होतं. दुन्या लाजून मरायची. पण रात्री अंथरुणावर पडलं की आईचा तो ठसका आठवून तिला बरंही वाटायचं.

दुन्यानं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. वीज वाचवायची सेटिंग बंद केली, वेगावर घातलेली मर्यादा काढली, बाकीचे प्रोग्रॅम मिटले. परवा बसस्थानकाजवळच्या मिलुतिनच्या दुकानात मशीन उघडूनही आणलं. मिलुतिन तिच्या वर्गातला. त्यानं धूळ फुंकली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि तिच्या डोळ्यांदेखत तासभर चालवून दाखवलं. सशासारखं पळालं.

"मशीन ठणठणीत आहे तुझं," तो म्हणाला होता. "बिघाड असलाच तर तुमच्या घरात असेल."

घरात बिघाड होता, आणि त्याचं नाव दुन्याला माहीत होतं: प्रोमायाची भीती. भर जुलैत स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावलेली होती, समोरच्या खोलीचीही. प्रोमाया म्हणजे समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जाणारा वारा. तो मानेत शिरतो, कंबर धरतो, तोंड वाकडं करतो, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एखाद्या घराच्या दोन्ही खिडक्या एकदम उघडतात त्या तिथे कोणी गेलं की, आत्म्याला वाट म्हणून. देसांकाचा धाकटा भाऊ ऐन तिशीत गेला, तो आगगाडीत दोन उघड्या खिडक्यांमध्ये झोपल्यामुळे. डॉक्टरांनी दुसरंच काही सांगितलं होतं, पण डॉक्टर काय त्या गाडीत नव्हते. दुन्या चौतिशीची झाली, बेलग्रेडला शिकून आली, पण खिडकी उघड असं आईला म्हणायची तिची आजवर छाती झाली नव्हती.

तिनं मशीन आणखी जरा उचललं आणि उजव्या अंगाच्या, हवा बाहेर पडायच्या फटीशी तळहात धरला. पंखा एवढा बोंबलतोय म्हणजे गरम झोत यायला हवा. काहीच नाही. आठवडाभर माउसवरच्या हाताला ती झळ लागलीच नव्हती, हे कामाच्या घाईत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं फटीत नख घातलं. नखाला लोकर लागली.

हळूहळू ओढत तिनं ती बाहेर काढली. काळ्या लोकरीची अरुंद पट्टी, मापाला तंतोतंत, कडा दुमडून शिवलेल्या. आतल्या अंगाला, जिथे कुणाचीही नजर जाणार नाही तिथे, लाल धाग्यात एक इवलंसं कासव विणलेलं. दीर्घायुष्यासाठी पिरोतच्या गालिच्यावर विणतात तसंच.

दुन्यानं मान वर केली. देसांका कॉफी ओतायची थांबली होती.

"तुझं मनगट धरलं होतं हिवाळा सरल्यापासून," ती म्हणाली. "आणि ते मेलं सारखं तुझ्या हातावर फुंकतंय. दुखणं थांबलं की नाही?"

दुन्यानं मनगट फिरवून पाहिलं. थांबलं होतं.

"पण मिलुतिनकडे तर काहीच नव्हतं आत."

"नेताना मी काढून घेतली होती, आणल्यावर परत बसवली. आपली वस्तू परक्याच्या दुकानात चिंध्या खुपसून पाठवायची का?"

दुन्याला भयंकर राग आला होता. बोलायला तोंड उघडलं आणि नजर पुन्हा त्या कासवावर गेली. बोटांना आता सुई धरवत नाही म्हणून आईनं गेल्या वर्षी माग विकला होता.

"आई, आत कासव बसवल्यावर ते पळणार कसं?" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ती हसायला लागली. देसांका हसली नाही.

"आता पळेल ना?"

"जरासं. खोली गार असती तर..." दुन्यानं वाक्य तिथेच गिळलं.

आकडा निम्म्यापर्यंत चढला आणि पुन्हा अडकला. दुन्या हिशेब मांडत होती, तो दर वेळी संध्याकाळच्या सातावरच येत होता. मागे कपाट उघडल्याचा आवाज झाला. देसांकानं हिवाळ्यातली लोकरीची शाल काढली, गळ्याभोवती दोन वेढे घातले आणि गाठ मारली. मग तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. दार आपटू नये म्हणून त्याला लोखंडी पातेलं लावलं आणि खोलीची खिडकी उघडली.

नदीवरून वारा आला तो थेट घरातून आरपार गेला. पडदे छताला लागले. देसांका खुर्ची ओढून दुन्याच्या पाठीशी बसली, वारा आणि लेक यांच्या मधोमध, डोळे गच्च मिटून. लॅपटॉपवरचा आकडा चढला, थांबला, पुन्हा चढला. पुलावरचे दिवे भराभर लागायला लागले.

"आई, तू तरी आत जाऊन बस."

"तू तुझं काम कर."

समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण रुझा हातातली चादर तशीच धरून कठड्याशी आली. फडफडणारे पडदे पाहून तिनं छातीवर क्रूस काढला.

"देसांका," तिनं दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं गं?"

देसांकानं डोळे उघडले. शालीची गाठ आवळली आणि ताठ उभी राहिली.

"कोणी गेलं नाही," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी लेक पूल बांधतेय."

पाचाला थोडाच अवकाश असताना चित्रफीत गेली, आणि पोचल्याचं उत्तरही आलं. दुन्यानं डोळे पुसले आणि उठून खिडकीकडे हात नेला.

"राहू दे," देसांका म्हणाली. "अजून कोणी विचारेल."