उतरायची पायरी

दापोडीच्या एसटी वर्कशॉपात अण्णासाहेबांनी एकतीस वर्षं बसगाड्यांना पायऱ्या बसवल्या. निवृत्त झाल्यावर चार महिन्यांत त्यांनी घरातली प्रत्येक कडी, बिजागरी आणि नळ इतक्या वेळा दुरुस्त केला, की शेवटी चतुराबाईंनी लेकीपुढं हात जोडले. "आम्रपाली, तुझ्या बाबांना घेऊन जा बाई तुझ्या वर्कशॉपला. घरात आता दुरुस्त करायची मीच तेवढी ऱ्हायलीय."

आम्रपालीचं वर्कशॉप महाळुंग्यात, सहा मशीनचं. गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग तिथं बनत. अण्णासाहेब रोज तिथं जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत, चहा पीत आणि कुणी न विचारता सल्ले देत. सल्ले बहुतेक बरोबर असत, हेच कामगारांना जास्त झोंबायचं.

मग एक दिवस विमानाची पायरी आली.

विमान चार माणसांचं, साठ वर्षांचं म्हातारं. त्याचं दार पंखावर उघडतं, त्यामुळं आत जायचं तर आधी पोटाखाली लोंबणाऱ्या पायरीवर पाय, मग पंखावर, मग आत. उडाल्यावर ती पायरी पोटात ओढून घ्यायची, नाहीतर वाऱ्याला अडते आणि विमानाचा वेग कमी होतो. पूर्वी इंजिनानं हवा शोषली की एक रबरी भाता आखडून ती आत घ्यायचा. आता भाता तडकला होता, पायरीचा दांडा गंजला होता. भात्याच्या जागी विजेची छोटी मोटर आणि पायरी नवी, असा बेत होता. विमानाच्या लायसन्सवाल्या इंजिनिअर निवेदिता मॅडम मंजूर झालेलं ड्रॉइंग घेऊन स्वतः आल्या.

विमानाच्या मालकीण सुमेधाताई. प्राधिकरण वसाहतीत राहणाऱ्या, गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका. तरुणपणी त्या स्वतः विमान चालवायच्या. नवरा हरिहर आणि त्यांनी मिळून हे विमान घेतलं होतं. हरिहर गेले, आता मुलगा सलिल चालवतो आणि ताई शेजारी बसून त्याच्या चुका काढतात. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मागच्या वेळी दोन तगड्या माणसांनी त्यांना काखेत धरून वर चढवलं. खाली आल्यावर ताई म्हणाल्या, "पोतंसुद्धा जरा प्रेमानं उचलतात." आणि त्यांनी जाहीर करून टाकलं: पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला आपल्या पायांनी चढता आलं आणि आपल्या पायांनी उतरता आलं तर ठीक, नाहीतर विमान यशवंतरावांना देऊन टाकायचं. यशवंतरावांचं हायवेला रिसॉर्ट होतं. त्यांना विमान गेटवर उभं करून पंखांवर लाइटिंग करायचं होतं.

वाढदिवसाला महिना उरला होता. निवेदिता हे सांगत असताना अण्णासाहेब स्टुलावरून कधी उठले ते कुणाला कळलंच नाही.

"ही पायरी मी करणार," ते म्हणाले.

आणि केली. आठवड्यात केली. खेडच्या पलीकडं, एका उद्योजकाच्या खासगी धावपट्टीवर विमान ठेवलेलं असे. तिथल्या शेडमध्ये नेऊन पायरी बसवली आणि एसटीच्या रिवाजानं तिची परीक्षा घेतली. एसटीचा रिवाज असा, की तीन माणसांनी एकदम उभं राहून उड्या मारायच्या. अण्णासाहेब, टर्नर बुद्धरत्न आणि टेम्पोवाला भिवा त्या पायरीवर एकमेकांना मिठी मारून नाचले. पायरी केसभरही वाकली नाही. अण्णासाहेबांनी छाती फुगवून मोटरचं बटण दाबलं.

मोटर कण्हली, पायरी दोन बोटं वर आली आणि तिथंच लोंबत राहिली.

निवेदितानं पायरी सोडवून वजनकाट्यावर ठेवली. "चार किलो. जुनी सव्वा किलोची होती. अण्णासाहेब, ड्रॉइंगवर ॲल्युमिनियम लिहिलंय."

"ते वाचलं मी. पण मला वाटलं, दिसायला चकचकीत म्हणून लिहिलं असंल. म्हणून लोखंड घातलं जरा जाडजूड."

"या पायरीवर एका वेळी किती माणसं चढणार आहेत?"

अण्णासाहेबांनी विचार केला. जेजुरीच्या जत्रेच्या जादा गाड्या डोळ्यांपुढून गेल्या, दारात लटकलेली माणसं गेली. "एक," ते म्हणाले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. भिवा हसत सुटला तो पार चाकणच्या चौकापर्यंत थांबला नाही.

दुसरी पायरी ड्रॉइंगबरहुकूम झाली. ॲल्युमिनियमची, हलकी, देखणी. बटण दाबताच पोटात गेली, पुन्हा दाबताच खाली आली. निवेदिता खूश झाली. आम्रपालीही खूश झाली, कारण वाढदिवसाला अजून बारा दिवस होते. सही करायला निवेदितानं पेन काढलं, तेवढ्यात अण्णासाहेब म्हणाले, "थांबा मॅडम. आमच्या घरचं इन्स्पेक्शन व्हायचंय."

घरचं इन्स्पेक्शन म्हणजे चतुराबाई. अण्णासाहेब नोकरीत असताना त्या डबा घेऊन वर्कशॉपच्या गेटवर येत, आणि नव्या पद्धतीची पायरी बसली की ते बायकोला आत बोलावून घेत. साडी नेसलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा, अशी बाई जिथं सुखानं चढते-उतरते ती पायरी पास. साहेबलोक हसायचे, पण चतुराबाईंनी नाक मुरडलं की अण्णासाहेब पायरी उखडायचे.

चतुराबाई भिवाच्या टेम्पोतून आल्या. पिशवी घेऊन चढल्या. "चढले खरी. पण माझे गुडघे धड हायेत म्हणून." मग उतरायला वळल्या. पंखावरून उतरताना तोंड विमानाकडं, पाठ जगाकडं. त्यांचा उजवा पाय हवेत खाली आला, डावीकडं गेला, उजवीकडं गेला. पायरी पोटाखाली लपलेली, वरून दिसेना. "अहो, कुठं ठेवलीय तुमची पायरी? मला काय पायाला डोळे हायेत?"

अण्णासाहेबांनी बायकोचा घोटा धरून पाय पायरीवर ठेवला आणि निवेदिताकडं वळले. "सही करू नका."

"अहो, सगळं ड्रॉइंगप्रमाणे आहे."

"ड्रॉइंगला गुडघे नसतात, मॅडम. माणूस चढताना पडत न्हाई, उतरताना पडतो. एकतीस वर्षं बघितलंय मी."

आम्रपालीचं डोकं फिरलं. "बाबा, बारा दिवस राहिलेत. पास झालेलं काम तुम्ही स्वतः नापास करताय?" अण्णासाहेबांना लेकीचं पटत होतं, भीतीही वाटत होती. त्यांनी मान खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते थेट सुमेधाताईंच्या घरी गेले. चहाही न घेता त्यांनी गॅलरीतली रद्दी मागितली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे एकावर एक रचले आणि म्हणाले, "ताई, चढा."

ताईंनी त्यांच्याकडं नापास विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं, पण चढल्या. गठ्ठा वाढवला. पुन्हा चढल्या. बारा इंचांपर्यंत बिनबोभाट. तेराव्याला ओठ आवळले. चौदाव्याला भिंत धरली. मग उलट्या पावलांनी उतरायला लावलं, तेव्हा पाय किती मागं येतो तेही अण्णासाहेबांनी फरशीवर खडूनं आखलं.

"आतापर्यंत सगळ्यांनी विमान मोजलं," ताई म्हणाल्या. "मला कुणी मोजलं नव्हतं."

त्यांच्या विमानाची पायरी जमिनीपासून सोळा इंचांवर होती, पंख तिच्यापासून आठच इंच वर. म्हणजे दांडा चार इंच लांब करायचा, आणि पाय ठेवायची पट्टी बाहेर चार बोटं वाढवायची. वाढवली की वजन वाढणार, म्हणून पट्टीला भोकं पाडायची आणि भोकांच्या कडा जरा वर उचलायच्या, म्हणजे चप्पलही घसरणार नाही. हा शेवटचा तोडगा बुद्धरत्नाचा, आणि अण्णासाहेबांनी तो चार माणसांत कबूल केला. निवेदिता पाच दिवस डिझाइनवाल्यांशी फोनवर भांडली आणि बदललेलं ड्रॉइंग मंजूर करून आणलं. आम्रपालीनं दोन शिफ्ट बाकीची कामं बाजूला ठेवली. शुक्रवारी चतुराबाई पिशवीसकट चढल्या, उतरल्या आणि नाक न मुरडता टेम्पोकडं चालू लागल्या. त्यांचं प्रमाणपत्र ते एवढंच. मग निवेदितानं सही केली.

रविवारी, वाढदिवसाच्या सकाळी, धावपट्टीवर यशवंतराव क्रेनवाल्यालाच सोबत घेऊन आले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त आशावादी होता.

सुमेधाताई डाळिंबी साडी नेसून आल्या. सलिलनं हात पुढं केला, त्यांनी तो बाजूला सारला. पाय पायरीवर, दुसरा पंखावर, तिसऱ्या पावलाला आत. शेडमध्ये टाळ्यांचा गजर झाला. चतुराबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. "टाळ्या वाजवा की."

"अजून उतरायच्यात त्या," अण्णासाहेब म्हणाले.

विमान उडालं. पोटाखालची पायरी हळूच आत गेली आणि पोट सपाट झालं. लोक चहाकडं वळले. अण्णासाहेब तसेच उभे राहिले. वीस मिनिटं ते आभाळाकडं बघत होते. आपला शब्द चुकला तर त्या बाईचं विमान उद्या लाइटिंगखाली उभं राहणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

विमान उतरलं, इंजिन बंद झालं, पायरी बाहेर आली. ताई दारातून पंखावर आल्या आणि वळल्या. तोंड विमानाकडं, पाठ सगळ्यांकडं. उजवा पाय खाली आला. क्षणभर अधांतरी राहिला. पाऊल सरळ पट्टीवर टेकलं, जणू घरच्या उंबऱ्यावरच. मग दुसरा पाय जमिनीवर.

यशवंतराव टोपी काढून पुढं आले. "ताई, मग आमचं विमान राहिलं म्हणायचं."

ताईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा पंखावर गेल्या.

"आई, वर काही राहिलं का?" सलिलनं विचारलं.

"काही नाही राहिलं," म्हणत त्या उतरल्या, आणि खाली येऊन परत चढल्या. तिसऱ्यांदा, काहीही कारण नसताना. वर उभ्या राहून त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या, आणि खाली अण्णासाहेब चारचौघांत हुंदके देऊन रडत होते.